हँडल तुम्ही वर केलं न्हवतं, इवाई

इवाई, जयभीम.

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी पुढच्या रांगेत होतो. मी इवाई, सुनेचा बाप, म्हणून मला खुर्ची दिली, बाकीची माणसं सतरंजीवर. वंदना झाली, भन्तेजी बोलले, मंग एकेक जण तुमच्याबद्दल सांगायला उठला. तुमच्या पिंपळगावात बोलणाऱ्यांची कमी न्हाई. तुमचा मिलिंद, माझा जावई, त्याच्या शाळेतले एक गुरुजी उठले. म्हणाले, "साहेबराव अण्णांनी जन्मभर विजेचं काम केलं, पण कोणाला झटका बसू दिला न्हाई. चूक झाली ती एकदाच, अन् ती बी थेट इवायाच्या बोटावर."

माणसं हसली. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "बोटकाप्या." सगळी मुंडकी माझ्याकडं वळली. मी डावा हात खिशात घातला. तुमच्या मालकीणबाई, सुमनबाई, पदर तोंडाला लावून हसल्या, अन् हसता हसता त्यांना रडू फुटलं.

मंग मला बोलायला बोलावलं. मी म्हणालो, मला भाषण येत न्हाई. खरंच येत न्हाई. पण येत असतं तरी त्या दिवशी बोललो नसतो. कारण मला एकच वाक्य बोलायचं होतं. हँडल तुम्ही वर केलं न्हवतं. अन् हे बोललो की दुसरा सवाल पाठोपाठ आलाच असता, मंग कोणी केलं?

गयानं केलं. माझ्या बायकोनं. तुमची चूक म्हणून गाव जी सांगतं ती तिची आहे. ती गेली, आता तुम्ही बी गेले, अन् खरं माहीत असलेला मी एकटा उरलो. तुमचं नाव सोडवायचं तर तिचं अडकतं. अन् तिची पोरगी रत्ना तुमच्या घरात नांदते, सुमनबाईंच्या हाताखाली. म्हणून त्या दिवशी गप बसलो. मिलिंद आता तुमच्या आठवणींची पुस्तिका काढून राह्यला. मला म्हणाला, "मामा, तुम्ही बी दोन पानं द्या." मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन तू बघ म्हणालो, पण वाक्य माझं हलवायचं न्हाई.

रत्नाच्या लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं न्हवतं. तुम्ही अंबडला कशाला तरी गेल्ते, अन् परत जाताना सांगावा न धाडता माझ्या दुकानावर आले. दुकान म्हणजे काय, रस्त्याच्या कडेचं पत्र्याचं शेड. एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर. वखराच्या पासा, ट्रॉलीच्या पिना, असलंच काम. वरबाप असा अचानक दारात उभा राहिला तर पोरीच्या बापाची काय गत होते ते तुम्हाला कसं कळणार, तुम्हाला तर पोरगी न्हाई. मी खुर्ची आधी फडक्यानं पुसली, मंग टॉवेलानं, मंग बाहीनं. पंख्याच्या बराबर खाली मांडली. गयाला आवाज दिला, चहा ठेव.

तुम्ही म्हणाले, "तुमचं काम चालू द्या किसनराव, मी काय परका हाय का."

काम अडलेलंच होतं. लेथचा पट्टा पुलीवरून उतरला होता अन् गिऱ्हाईक बाहेर ट्रॅक्टरवर बसलं होतं. लेथचं बटन कवाच खराब झालेलं, ते मी डायरेक्ट करून टाकलं होतं. म्हणजे दारापाशी जे लोखंडी डब्याचं मेन स्विच, त्याचं हँडल वर केलं की लेथ चालू, ड्रिल चालू, पंखा बी चालू. खाली पाडलं की सगळं बंद. मी हँडल पाडलं, मागं गेलो अन् पट्टा चढवायला हात घातला.

पंखा थांबला. उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा. तुम्ही टोपी काढून टॉवेलानं डोकं पुसायला लागले. तेवढ्यात गया घरातून चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं काय पाहिलं? वरबाप घामानं भिजून बसलाय अन् डोक्यावरचा पंखा बंद. तिला वाटलं, लाईट गेल्ती अन् आली असेल, मेन चढवायचं राहिलं असेल. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातानं तिनं हँडल वर ढकललं. तुमच्यासाठी ढकललं, इवाई. दुसरा कोणी बसला असता तर तिनं आधी मला विचारलं असतं. वरबापाला उकडत बसवायचं अन् आत नवऱ्याला हाका मारत राहायचं, हे तिला शोभलं नसतं.

मी लेथच्या मागं होतो पण तोंड दाराकडं होतं. मी तिला पाहिलं. तुम्ही "थांबा" म्हणाले ते बी ऐकलं. मंग पुली फिरली.

हँडल खाली ओढलं ते तुम्ही. खुर्ची पाडून धावले अन् ओढलं. म्हणून ट्रॅक्टरवरचा माणूस आत पळत आला तेव्हा त्याला काय दिसलं, तर हँडलवर तुमचा हात. त्यानं विचारायच्या आधीच तुम्ही म्हणाले, "मह्याच हातून वर झालं. गरमी व्हायली व्हती."

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं कसं झालं. तुम्ही पुढं झाले. "मी केलं साहेब. वायरमन हाय मी, सळयांच्या कारखान्यात जिंदगी गेली, तरी केलं." गया भिंतीला टेकून उभी होती. तिनं तोंड उघडलं, "न्हाई, ते..." तेव्हा तुम्ही तिच्याकडं वळून म्हणाले, "इहीनबाई, इवायाला पाणी आणा." वरबापानं पाणी मागितलं. ती पाणी आणायला गेली. परत आली तोवर डॉक्टरचं लिहून झालं होतं.

मधल्या बोटाचं पेर गेलं. ते काही लई मोठं न्हाई. लेथवर काम करणाऱ्या किती जणांचं त्याहून जास्त गेलेलं मी पाहिलंय.

बाहेर लिंबाखाली मी तुम्हाला विचारलं, "कामून खोटं बोलले?" त्यावर तुम्ही जे बोलले ते मला अजून पाठ आहे, कारण त्यानंतर ह्या विषयावर तुम्ही एक शब्द बोलले न्हाई.

"किसनराव, मी वरबाप. मला बोलायची हिंमत तुमच्याकडच्या कोणाची हाय? कोणाचीच न्हाई. पण हेच इहीनबाईच्या नावावर गेलं तर उद्या मह्या घरात रत्नाला ऐकावं लागन. तुह्या मायनं नवऱ्याचा हात मशीनमध्ये घातला म्हणून. सुमनची जीभ तुम्हाला अजून मालूम न्हाई. मला हाय. आता हे इथंच बंद."

मी मान हलवली. माझं बोट दुखत होतं. पण एक हिशोब तुमचा चुकला, इवाई. आमच्याकडच्यांनी तुम्हाला काही म्हटलं न्हाई, बराबर. तुमच्या स्वतःच्या गावानं म्हटलं. ज्या गावातल्या अर्ध्या घरांची वायरिंग तुमच्या हातची, त्यांनी तुम्हाला बोटकाप्या केलं. रत्नाच्या ओटीभरणाला आलो तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ओट्यावरची माणसं मला म्हणाली, "या पाव्हणं, बोटं मोजून आत जा, अन् जाताना बी मोजा." तुम्ही माझ्या शेजारीच होते. सगळ्यांत मोठ्यानं हसले. कुठं फ्यूज टाकायला गेले तरी माणसं म्हणायची, अण्णा, हँडल बघून बरं का. वायरमनला दुसरं काय असतं? त्याच्या हाताचा भरवसा असतो, तेवढंच. तो तुम्ही देऊन टाकला अन् वरून हसत राहिले.

गयाला ते सहन होत न्हवतं. तुम्ही आले की ती येसराची आमटी करायची, तुम्हाला आवडतं म्हणून, अन् तुमच्या समोर बसायची न्हाई, दाराआड उभी राहायची. मला सारखी म्हणायची, "सुमनबाईला एकदा सांगून मोकळी होते." मी म्हणायचो, इवायाला विचार. एकदा धीर करून तिनं विचारलं बी. तुम्ही वाटीत बोट बुडवून म्हणाले, "इहीनबाई, येसर आज जरा पातळ झालं का?" ती लगोलग पातेलं बघायला आत गेली. येसर पातळ झालंच न्हवतं. तुम्ही असे बनेल.

बोट भरून येऊन काही महिने झाले, अन् एक दिवस तुम्ही पिशवी घेऊन हजर. पिशवीत लोखंडी डबा, बाजूला हँडल, आत तीन फेजचे खटके, अन् एक स्टार्टर. म्हणाले, लेथला स्वतःचं वेगळं स्विच पाहिजे. दारातलं मेन दारात राहू द्या, पण मशीनमध्ये हात घालायचा त्या माणसाच्या हाताशी त्याचं स्विच पाहिजे. मी म्हणालो, माणूस बोलावतो, तुम्ही बसा. तुम्ही म्हणाले, "मी काय हाय मंग, ढोर?" अन् सरळ जमिनीवर बसकण मारून वायर सोलायला लागले.

आता वरबाप माझ्या दुकानात तेलकट जमिनीवर बसून वायर सोलतोय हे आमच्या भावकीतल्या कोणी पाहिलं असतं तर मला आमच्या वस्तीतून, मस्तगडातून, मान वर करून जाता आलं नसतं. इवायाला कामाला लावलं म्हणून बोंब झाली असती. मी हात जोडले. तुम्ही म्हणाले, "मंग शटर पाडा."

शटर पाडलं. आत भट्टी. आपण दोघं बनियनवर, घामानं निथळत, अन् बाहेरून कोणी शटर वाजवलं की मी आतून ओरडायचो, "आज बंद हाय." तुम्ही हसून हसून वायरच सोडून द्यायचे.

त्या दिवशी आपण किती भांडलो. मी म्हणालो, नवा डबा मेनच्या शेजारी ठोका, सगळं एका जागी राहील. तुम्ही मला लेथच्या मागं उभं केलं, पट्टा चढवताना वाकतो तसं वाकायला लावलं. म्हणाले, आता हात सोडू नका, डोळे मिटा, अन् दुसऱ्या हातानं हँडल शोधा. माझा हात जिथं भिंतीला लागला तिथं तुम्ही खडूनं खूण केली. "ही तुमची जागा. तुमच्या घाईगडबडीत हात जिथं पडतो तिथं. नजरेला बरं दिसतं तिथं न्हाई."

मी म्हणालो, तिथं पिनांचं कपाट आहे. तुम्ही म्हणाले, कपाट हलवा. मी म्हणालो, कपाट माझ्या बापाच्या काळापासून तिथं आहे. तुम्ही म्हणाले, बोट बी बापाच्या काळापासूनच व्हतं. मी कपाट हलवलं.

मंग तुम्ही मला डब्यातले वरचे तीन स्क्रू दाखवले. हँडल खाली असलं तरी ह्या वरच्या तिघांत करंट असतो, हे कवा झोपत न्हाईत, ह्यांना हात लावायचा असेल तर दारातलं मेन बी पाडायचं. खालच्या तिघांतून स्टार्टर, स्टार्टरमधून मोटार. स्टार्टर असल्यावर लाईट जाऊन आली तरी मशीन आपोआप उठत न्हाई, हिरवं बटन दाबावं लागतं. जे बटन मी डायरेक्ट केलं होतं त्याच्याकडं बघून तुम्ही अशी थुंकी गिळली की मला शिवी ऐकू आली. अर्थिंगची हिरवी वायर सगळ्यात आधी बांधली. माझ्या पेचकसातल्या टेस्टरवर तुमचा विश्वास न्हवता. तुमचा दोन बल्ब एकामागं एक जोडलेला दिवा होता, तो आधी चालू लाईनवर पेटवून बघायचा, मंग बंद केलेल्यावर लावायचा, अन् परत एकदा चालूवर. मी म्हणालो, एकदा बघितलं की झालं. तुम्ही म्हणाले, "दिवाच मेलेला असला तर तो बी अंधारच दाखवन न."

शेवटी तुम्ही खिशातून एक लहान कुलूप काढलं अन् खाली पडलेल्या हँडलच्या भोकात लावलं. चावी माझ्या हातात दिली.

मी म्हणालो, "महं दुकान हाय का सोनाराची पेढी?"

"मशीनमध्ये हात घालायच्या आधी हँडल खाली, कुलूप, चावी तुमच्या खिशात. कोणाला द्यायची न्हाई. इहीनबाईला न्हाई. मला बी न्हाई."

"तुम्हाला बी न्हाई?"

"मला तर बिलकुल न्हाई. हँडल वर करणारा माणूस हाय मी."

गया तेव्हा मागच्या दारातून चहा घेऊन आल्ती, अन् तुम्ही तिच्याकडं बघून बोलले.   गया हसली. पदर लावायचं राहिलं इतकी हसली. ट्रे ड्रिलवर टेकवला अन् पहिल्यांदा तुमच्या समोर बसली, एका तेलकट पाटावर, अन् आपल्या दोघांसोबत चहा प्याली. शटर पाडलेलं होतं म्हणून ते कोणी पाहिलं न्हाई. मी पाहिलं. माझी बायको तुम्ही मला त्या दिवशी परत दिली, इवाई. त्याआधी ती घरात नुसती वावरत होती.

हे मी तुम्हाला तोंडावर कवा बोललो न्हाई. आपण बोलायचो ते फक्त वायरी अन् भाव अन् कोणाच्या पोराचं कुठं जमलं.

गया गेली तेव्हा माणसं येऊन माझ्यापाशी बसायची, संसार असाच असतो, धीर धरा, असलं बोलायची. मला एकेकाला उठवून बाहेर काढावंसं वाटायचं. तुम्ही आले अन् काहीच बोलले न्हाई. मधल्या खोलीतला होल्डर लोंबत होता, गया मला वर्षभर सांगत होती, तेवढा नीट करा. तुम्ही स्टूल मागितलं, मेन पाडलं, मला मेनपाशी उभं केलं अन् होल्डर बदलला. मंग उतरून म्हणाले, "चालू करा." मी चालू केलं. उजेड पडला. तुम्ही गेले. एवढ्यावर मी ते दिवस काढले.

ड्रिलचं स्विच मात्र राहिलं. तुमचं म्हणणं डाव्या बाजूला, माझं म्हणणं उजव्या. दर रविवारी फोनवर तेच. "डाव्या हातानं तुम्ही भोक पाडायचा नग धरता, किसनराव, मंग तुमचा डावा हात तिथंच असतो." मी म्हणायचो, डाव्यानं नग सोडला तर तो गरगरा फिरून माझं तोंड फोडेल. हँडल उजव्यानंच मारलं पाहिजे. तुम्ही म्हणायचे, थंडी पडू द्या, येतो अन् दाखवतो. थंडी पडली. मी स्विच अजून लावलं न्हाई. उजवीकडं लावलं तर तुमच्या मागं तुम्हाला हरवल्यासारखं होईल, अन् डावीकडं लावायला मी काय खुळा आहे. तुमचं ते म्हणणं चूकच होतं. तुम्ही गेले म्हणून ते बराबर होत न्हाई.

आता पिंपळगावचं सांगतो.

कार्यक्रमानंतर काही दिवसांनी सुमनबाईंचा फोन आला. तुमच्या ओसरीतली पिठाची गिरणी बंद पडली होती. जगाच्या घरात तुम्ही स्विच लावत फिरले अन् बायकोच्या गिरणीला जुनं, हँडल तुटकं, खिळा घातलेलं. त्या खिळ्यानं शेवटी दम सोडला. सुमनबाई म्हणाल्या, "हे म्हणायचे, किसनरावांना शिकवलंय सगळं. मंग या न तुम्हीच. अन् तुमच्या लेथला हाय तसं लावा, कुलपाचं." मी म्हणालो, इहीनबाई, पोरीच्या सासरी येऊन काम करायचं म्हणजे... त्या म्हणाल्या, "ते आले तवा शटर पाडत व्हते न तुम्ही? मला सगळं मालूम हाय. इथं शटर न्हाई, दार उघडं राहीन."

गेलो. ओसरीत बाया डबे घेऊन बसलेल्या, गहू, ज्वारी, बाजरी. गिरणी आज सुरू होणार म्हणून सगळा गाव दळण घेऊन आल्ता. रत्ना सुपात गहू पाखडत होती. मी मीटरपाशी जाऊन फ्यूजच्या चिनी मातीच्या ग्रिपा काढल्या अन् तिन्ही खिशात घातल्या. तुमची पिशवी खुंटीवर होती, तीच घेतली. दिवा चालूवर, बंदवर, परत चालूवर. मंग कामाला लागलो. डबा कुठं ठोकायचा म्हणून सुमनबाईंना गिरणीच्या तोंडाशी वाकायला लावलं, डोळे मिटा म्हणालो. बाया हसायला लागल्या. हात लागला तिथं खूण केली.

सगळं बांधून झालं, ग्रिपा बसवल्या, हिरवं बटन दाबलं. गिरणी उलटी फिरली. बायांची नुसती मजा. एक म्हातारी म्हणाली, "पाव्हण्यानं पिठाचे गहू करायचं मशीन आणलं." मी लाल बटन दाबलं, हँडल पाडलं, कुलूप, चावी खिशात. खालच्या दोन वायरींची अदलाबदल करायची एवढंच. मोटार सरळ होते. पण हात घातला न घातला तोच शेजारची एक सुनबाई म्हणाली, "आबा, जपून बरं. एक बोट ह्याच घरानं घेतलं तुमचं."

अन् सुमनबाई सवयीनं म्हणाल्या, "ते काय, आमचा बोटकाप्या..." अन् पदर तोंडाला लावला.

मी पेचकस खाली ठेवला. रत्नाकडं पाहिलं. ती खाली बघून गहू पाखडत होती, तिला काहीच माहीत न्हवतं. मला वाटलं, आता न्हाई तर हे माझ्यासोबतच जाईल, अन् गाव तुम्हाला ह्याच नावानं सांगत राहील. तुम्ही मला बंद करायला सांगितलं होतं. मी तुमचं मोडलं.

"त्यांनी न्हाई," मी म्हणालो. "हँडल त्यांनी वर केलं न्हवतं."

"कोणी मंग?" म्हातारीनं विचारलं.

"गयानं. मह्या मालकिणीनं. इवायाला उकडून राह्यलं म्हणून. पंखा चालू करायला गेली. खाली ओढलं ते इवायानं, न्हाई तर माझा पंजा गेला असता. अन् नाव त्यांनी स्वतःवर घेतलं. मी पाहिलंय."

सुपातला आवाज थांबला. डब्यांवरच्या बाया सुमनबाईंकडं बघायला लागल्या. मी बी बघत होतो. एवढी वर्षं तुम्ही ज्या जिभेला भीत होते ती आता काय करते ते बघत होतो, अन् खरं सांगतो, भीत होतो.

सुमनबाई उंबऱ्यावर बसल्या. "चारचौघात म्हणत व्हते मी त्यांला. लेकरांसमोर म्हणत व्हते. जेवताना म्हणत व्हते. एकदा बी बोलले न्हाई?" मंग माझ्यावर उठल्या. "अन् तुम्ही? पंगतीला बसून गप ऐकत व्हते? दोघांनी मिळून खुळी केली मला." मंग रत्नाकडं वळल्या. "तुह्या मायनं एवढं मनात ठेवलं, मला येऊन एकदा सांगायचं व्हतं. मी काय तिला खाल्लं असतं का?"

रत्ना सूप मांडीवर ठेवून सासूकडं बघत होती. तिचे डोळे भरलेले, पण आवाज बराबर होता. "खाल्लं असतं आत्याबाई."

 माझी पोरगी सासूला असं बोललेली मी कवा ऐकलं न्हवतं.

 सुमनबाई म्हणाल्या, "हो. तवा खाल्लं असतं." अन् पदरानं तोंड पुसून, "आता काय खाते, दात कुठं हायेत."

रत्ना उठून त्यांच्यापाशी जाऊन बसली. मी दोन वायरी बदलल्या.

तुमचं तेव्हाचं बराबर होतं, इवाई. सुमनबाईंनी स्वतः कबूल केलं. माझं आत्ताचं बी बराबर आहे असं मला वाटतं. तुम्ही असते तर भांडले असते, अन् मी तुम्हाला भांडू दिलं असतं.

गिरणी सरळ फिरली. मी हात धुवून ओट्यावर चहा घेत बसलो. आतून सुमनबाईंचा आवाज ऐकू येत होता. उशिरा डबा घेऊन आलेल्या एका बाईला त्या सांगत होत्या, "ऐक, ते मिलिंदच्या बाबांचं बोटाचं खोटं हाय बरं. झालं असं." सगळं सांगितलं, पंख्याचं बी, गयाचं बी, चांगलं सांगितलं. दुसरी बाई आली, तिलाही सांगितलं, त्यात तुम्ही खुर्चीवरून उडी मारली. तिसरी आली तोवर तुम्ही ट्रॉलीचा सांगाडा ओलांडून गेल्ते अन् गया वाचवा वाचवा करत होती अन् तुमच्या हाताला भाजलं बी होतं.

माझ्या दुकानात त्या दिवशी ट्रॉलीचा सांगाडा न्हवता. मी चहा पीत बसलो, काही दुरुस्त केलं न्हाई.